कोठार भरेपर्यंत

युद्ध लवकर करावे की उशिरा, हा प्रश्न राजांनी, सेनापतींनी आणि त्यांच्या पदरच्या पंडितांनी शतकानुशतके चघळला, आणि उत्तर देण्याचे काम दर वेळी मेलेल्यांवर सोपवले. डॉ. यशोधरा मादगुंडी हिने तो प्रश्न सोलापुरात, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाता खाता सोडवला. त्याबद्दल तिला विद्यापीठात अध्यासन मिळाले, शाल मिळाली, आणि ज्यांनी आयुष्यात कधी कुणाला चापटही मारली नव्हती अशा सभ्य गृहस्थांच्या टाळ्या मिळाल्या.

टेबलाच्या पडद्यावर पसरलेला असे तो 'खंडमंडळ' नावाचा खेळ. सहा खेळाडू, सहा मुलूख, मधून वाहणारी एक नदी. प्रत्येकाला आरंभी एक गाव, थोडे रान आणि मूठभर माणसे मिळत. त्या माणसांच्या हाती नांगर द्यायचा की भाला, एवढाच निर्णय. पण सगळा खेळ त्या निर्णयाच्या पोटात होता. नांगराने धान्य वाढते, धान्याने माणसे वाढतात, माणसांमुळे आणखी नांगर चालतात. भाला दिला तर तेवढे नांगर थांबतात, पण शेजारी दुबळा असतानाच त्याचे रान हाती येते, आणि लवकर हाती आलेले रान शेवटपर्यंत पीक देत राहते. लवकरच्या युद्धाचा मोह तो हाच.

खेळात दोघेच असते तर हिशोब शाळकरी होता: माझे गेले, त्याचे अधिक गेले, मी जिंकले. सहा जण असले की दोघे एकमेकांना रक्तबंबाळ करत असताना उरलेले चौघे निवांत नांगरत असतात. यशोधराचा गाजलेला निबंध या 'तिसऱ्याच्या नफ्या'वर होता. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की लवकरचे युद्ध परवडते ते शेजारी जवळचा असेल, त्याच्या गावाला तट नसेल, आणि तिसऱ्याला कुणकुण लागण्याआधी सगळे आटोपता येत असेल तरच. तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून येणे दुर्मीळ. तो क्षण ओळखणे हीच विद्या.

दर रविवारी सकाळी तिच्याकडे जमणारे नेहमीचे चौघे होते. ती स्वतः, भूल देणाऱ्या डॉक्टर नसीमा शेख, ज्यांना सगळे आपा म्हणत, टॉवेलच्या कारखान्याचे मालक व्यंकटेश कोंडा, आणि मल्लिनाथ हत्तुरे, पाटबंधाऱ्यांचा अभियंता, वयाने सर्वांत धाकटा. उरलेल्या दोन जागा पाहुण्यांच्या. पहिल्या वर्षी मल्लिनाथ दर रविवारी हरला. तो जन्मजात नांगरणारा. आधी कोठार भरायचे, मग जगाकडे बघायचे, असा त्याचा स्वभाव. बाकीचे त्याला अर्ध्या तासात संपवत, आणि मग तो उरलेली सकाळ स्वयंपाकघरात उभा राहून सगळ्यांसाठी चहा गाळत राही. एका रविवारी त्याच्या हातातला कप घेताना यशोधराला आपल्याच विद्वत्तेची किळस आली. त्या दिवसापासून पद्धत पडली: प्रत्येकाचे पहिले कोठार भरेपर्यंत कुणी भाला उचलायचा नाही. ही पद्धत खेळाच्या नियमांत नव्हती, टेबलाच्या यंत्रात नव्हती, कागदावर नव्हती. नव्या पाहुण्याला ती चहाबरोबर सांगितली जाई.

"मल्ल्या," व्यंकटेश दर रविवारी म्हणत, "तुझं कोठार भरेपर्यंत माझ्या नातवाचं लग्न होईल."

"आमंत्रण द्या म्हणजे झालं," मल्लिनाथ मान वर न करता म्हणे. "जेवायला येतो की."

आणि सगळे थांबत.

एखादा पाहुणा थांबत नसे. असा एक कौशिक सरदेशमुख. तेव्हा तो एका जलकंपनीत नुकताच लागलेला, तल्लख, घाईचा. पद्धत त्याला सांगितली होती. तो हसला होता. खेळ रंगात येण्याआधीच त्याचे भालाईत मल्लिनाथच्या अर्ध्या पिकलेल्या रानात शिरले. आपांनी कप खाली ठेवला, टेबलाच्या कडेवर बोट दाबले, आणि सहाही मुलूख काळे झाले.

"चला, चहा टाकते," आपा म्हणाल्या.

"म्हणजे?" सरदेशमुख गोंधळला. "जिंकलं कोण?"

"कोण जिंकणार, बेटा? खेळ झालाच नाही."

आणि खरोखरच तो झाला नाही. टेबलाचे यंत्र प्रत्येक डावाची चालीगणिक नोंद ठेवी. पण असा मोडलेला डाव आपा त्याच वेळी पुसून टाकत. पाहुण्याची लाज घरात जपून ठेवायची नसते, एवढेच त्यामागचे तत्त्वज्ञान होते. तसे डाव वर्षानुवर्षांत पुष्कळ झाले असतील. प्रत्येक वेळी चौघेही टेबलावरून उठले, प्रत्येक वेळी डाव पुसला गेला, आणि त्याबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढे यशोधराने युद्धाची योग्य वेळ सांगणारे यंत्र बांधले. 'मुहूर्त' हे नाव व्यंकटेशांनी थट्टेने सुचवले आणि तेच रूढ झाले. मुहूर्ताला युद्धाचे नियम शिकवलेले नव्हते. त्याने माणसांचे खेळ पाहून ते ओळखायचे होते. त्यासाठी तिने, तिच्याकडे पद्धतीसह खेळ शिकून गेलेल्यांचे वेगवेगळ्या देशांतले डाव जमवले, पण सर्वांत मोठा आणि सर्वांत विश्वासाचा साठा सोलापूरचा होता. तीच माणसे, तेच टेबल, इतकी वर्षे. अशी सलग नोंद कुठेही नव्हती. म्हणून यंत्राने तिला सर्वाधिक वजन दिले. त्या साठ्यात पहिले कोठार भरल्याबरोबर चालून गेलेला खेळाडू बहुधा जिंकला होता, आणि जितका लवकर, तितका मोठ्या फरकाने. कोठार भरण्यापूर्वी चालून गेल्याची नोंद मात्र एकही नव्हती. नोंदींवर वाढलेले यंत्र अशा वेळी एकच गोष्ट करू शकते: जिथवर रेषा दिसते तिथून ती तशीच मागे ताणते. भरल्यावर लगेच केलेला वार इतका लाभाचा, तर भरण्याआधी केलेला किती असेल! साऱ्या नोंदी एकाच दिशेने बोलत असल्यामुळे यंत्राला शंकाही उरली नाही. जे कुणी केले नाही, त्याची किंमत कुणी मोजली नव्हती; आणि जे केले होते, ते सभ्यपणे पुसलेले होते.

यशोधरा ही गोष्ट जाणत होती, आणि तरी ती तिच्या लक्षात आली नव्हती. ती पद्धत तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की तो एक निर्णय आहे हेच ती विसरली होती.

त्यानंतर नद्या मंडळांना वाटून देण्याचा काळ आला. शासनाने एकेका नदीचे तुकडे करून ते सनदी जलमंडळांच्या हाती दिले आणि शांततेच्या हमीसाठी प्रत्येक मंडळाला स्वतःचे सशस्त्र पहारेदार आणि उडती यंत्रे बाळगण्याची परवानगी दिली. ज्या मसुद्यात 'सहकार्य' हा शब्द सर्वाधिक वेळा आला होता, त्याच मसुद्यात ही परवानगीही होती. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या एका नदीवर अशी सहा मंडळे झाली. मुहूर्त सहाही मंडळांनी विकत घेतला. वरून पाचव्या, शिरवण मंडळाचा अध्यक्ष झाला कौशिक सरदेशमुख. त्याच्या लगेच खाली, नदीच्या शेपटाला, बोरशिरस मंडळ. तिथल्या बंधाऱ्याच्या दरवाज्यांचा प्रमुख झाला मल्लिनाथ हत्तुरे.

त्या वर्षी पाऊस कमी पडला होता. बोरशिरसचा नवा जलाशय भरत होता. अजून पुरता भरला नव्हता.

यशोधराला शिरवणच्या नियंत्रण कक्षात बोलावले गेले ते दिवाळीनंतरच्या एका स्वच्छ दुपारी. भिंतभर पडद्यावर नदी निळ्या दोऱ्यासारखी पसरली होती, आणि कोपऱ्यात तिचे यंत्र आपला आकडा सांगत होते.

"वाचा, मॅडम," सरदेशमुख म्हणाला. त्याने केस पांढरे होऊ दिले होते. ते त्याला शोभत होते. "बोरशिरसचा बंधारा आज ताब्यात घेतला तर लाभ शंभरात ब्याण्णव. जलाशय भरल्यावर घ्यायचा म्हटलं तर एकोणचाळीस. भरला की ते पंधरा वर्षं आपल्याला विचारणार नाहीत."

"आणि बाकीची चार मंडळं?"

"तुमचाच निबंध आहे. संध्याकाळच्या आत आटोपलं तर त्यांना कळेपर्यंत विषय संपलेला असेल. तीनही अटी जुळतात." तो हसला. "नियमानुसार यंत्राच्या कर्तीनं प्रमाणित करायचं असतं, आकडा विश्वासार्ह आहे म्हणून. म्हणून तुम्हाला तसदी."

ती आकड्याकडे बघत राहिली. आकड्याने ती घाबरली नाही. घाबरली ती त्याच्याखाली यंत्राने दिलेल्या शंकेच्या मर्यादेने: ती एखाद्या केसाइतकी बारीक होती. इतकी खात्री माणसाला फक्त अज्ञानातून मिळते. यंत्राला कशातून मिळाली असेल? आणि मग तिला टेबलाच्या कडेवर दाबलेले आपांचे बोट आठवले.

"हा आकडा खोटा आहे," ती म्हणाली. "यंत्रानं कोठार भरण्याआधीचं युद्ध कधी पाहिलेलंच नाही."

"म्हणजे तसं युद्ध कुणी केलं नाही?"

"केलं. आम्ही ते डाव पुसले." ती वळली. "त्यातला एक तुमचा होता, कौशिकराव. आठवतो?"

"न आठवायला काय झालं? तो मी जिंकला होता."

"सगळे टेबलावरून उठले होते."

"तेच म्हणतोय." त्याच्या आवाजात अरेरावी नव्हती, तो तिला मनापासून समजावत होता. "तुम्ही उठलात. जो बसून राहिला तो जिंकला. त्या रविवारी मी तुमच्याकडून जे शिकलो ना मॅडम, ते मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नाही."

"आम्हाला उठता येत होतं म्हणून आम्ही उठलो. नदीवरून कोण कुठं उठून जाणार आहे?"

"मग पुरावा द्या. पुसलेला डाव हा काही पुरावा नव्हे." त्याने घड्याळाकडे पाहिले. "चहा घेऊन या. तोवर मी थांबतो. तुमच्याच पद्धतीनं."

बाहेर उपाहारगृहात लोक भजी खात होते. यशोधरा खिडकीपाशी उभी राहिली. मल्लिनाथला सावध करायचे? पण बोरशिरसकडेही मुहूर्तच होता. शिरवण चालून येणार ही बातमी त्याच्या पोटात गेली की तो आपल्या मंडळाला एकच सल्ला देणार: मग तुम्ही आधी उठा. दोन्हीकडे एकच यंत्र बसले की इशारा आणि चिथावणी यांत फरक राहत नाही. प्रत्येकाला ठाऊक की दुसऱ्याला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येकाची घटिका दुसऱ्याच्या घटिकेच्या थोडी आधी सरकते, आणि सरकत सरकत भांडण जन्मण्याच्याही आधी जाऊन पोहोचते. हे तिने विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवले होते. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले होते.

यंत्राला वगळून माणसाशी बोलणे एवढाच मार्ग उरला होता. तिने फोन लावला.

"अक्का? भर दुपारी? रविवारचं रद्द करालीस का काय?"

"मल्लू, मी शिरवणला आहे. तुमचा मुहूर्त काय सांगतो?"

मागे पाण्याचा घोष ऐकू येत होता. "तुमचा सांगत असेल तेच. शिरवणचं पंपघर उडवा म्हणतंय. अध्यक्षांनी अजून बघितलं नाही. माझ्याकडंच आहे."

"दाखवू नकोस."

"न दाखवून कसं चालेल अक्का? तिकडून कुणी आलं तर? हितं माझी चाळीस माणसं आहेत."

तिला हजार गोष्टी सांगायच्या होत्या: रेषा, शंकेची मर्यादा, पुसलेले डाव. तिने त्यातली एकही सांगितली नाही.

"कोठार भरेपर्यंत, मल्लू," ती म्हणाली.



"तुमच्याकडचे थांबतील?"

"थांबवते मी."

हे वाक्य तिने कशाच्या आधारावर उच्चारले, ते तिला तेव्हाही सांगता आले नसते. इतक्या वर्षांत तिच्या घरात तसे म्हटले की लोक थांबत, एवढाच काय तो आधार.

"मग झालं की," मल्लिनाथ म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "यंत्र बंद करतो मी. पहारापण आत घेतो, म्हणजे वरनं बघणाऱ्याला दिसेल, आम्ही काय उठत नाही म्हणून. माणसांना जेवायला सोडतो. मी दारापाशी थांबतो, कुणीतरी पाहिजे की."

पहारा आत घेऊ नकोस, असे म्हणायला तिने तोंड उघडले. शेजाऱ्याला तट नसावा, ही तिच्याच निबंधातली दुसरी अट. पण टेबलावर शस्त्र खाली ठेवून रिकामे हात दाखवणे हीच तर विश्वासाची खूण होती. ती करू नकोस असे सांगणे म्हणजे तहावरच अविश्वास दाखवणे. "बरं," एवढेच ती म्हणाली.

"रविवारी चटणी जास्त कर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ती कक्षात परतली तेव्हा पडद्यावरचा आकडा सत्त्याण्णव झाला होता.

"त्यांनी पहारा आत घेतलाय," सरदेशमुख पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "यंत्रही बंद पडलेलं दिसतंय. अशी संधी नोंदीत एकही सापडणार नाही."

"ती संधी नाही! मी सांगितलंय त्यांना. त्यांनी शब्द दिलाय, मी शब्द दिलाय—"

"कुणाच्या वतीनं?"



"मी प्रमाणित करणार नाही," ती म्हणाली.

"नका करू. तो आपला शिष्टाचार होता." त्याने शेजारच्या अधिकाऱ्याला मानेने खूण केली.

पुढचे तिने पडद्यावर पाहिले, आणि पडद्यावर ते फार नीटनेटके दिसले. काही पांढरे ठिपके निळ्या दोऱ्यावरून खाली सरकले, एका चौकोनापाशी थांबले, आणि चौकोनाचा रंग बदलला. बोरशिरसची चाळीस माणसे जेवणघरात होती म्हणून वाचली. दारापाशी कुणीतरी पाहिजे होते, म्हणून एकजण होता. चौकोनाच्या आत कोण आहे हे पडदा दाखवत नसे; तो पडद्याचा दोष नव्हता, त्याला ते कुणी विचारलेलेच नव्हते.

तिसऱ्याचा नफा संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबला नाही. शिरवणचे बळ खालच्या बंधाऱ्यावर गुंतलेले पाहून वरच्या चारही मंडळांतले चार मुहूर्त एकाच दमात आकडे बोलले, आणि उजाडेपर्यंत शिरवणची पंपघरे, दरवाजे आणि दोन गावे शिरवणची राहिली नाहीत. मग ती चारही मंडळे एकमेकांवर उठली. यशोधराचा निबंध शब्दशः खरा ठरला. परदेशातल्या एका नियतकालिकाने तो पुन्हा छापण्याची परवानगी मागितली.

सरदेशमुख यशोधराच्या घरी आला तो एका रविवारी सकाळी. चौकशी आयोग बसला होता. शिरवणचे लोक टँकरच्या रांगेत उभे राहून त्याच्या नावाने बोटे मोडत होते. टेबलाशी आपा आणि व्यंकटेश होते. टेबल लावलेले नव्हते. चहा कुणी विचारला नाही, आणि या घरात ती गोष्ट आजवर कुणाच्या वाट्याला आली नव्हती.

"त्या दिवसाची नोंद मूळ यंत्रात आहे," तो उभ्यानेच म्हणाला. "आमच्याकडची मी काढून टाकलीय. तुमच्याकडची तेवढी राहिलीय. आकडा किती होता, तुम्ही काय बोललात, मी काय बोललो." त्याने आवाज खाली आणला. "आपा, तुमच्याकडं एक पद्धत होती. पाहुण्याची लाज ठेवायची नाही. मी आयुष्यात दुसऱ्यांदा मागतोय असं समजा."

"पहिल्यांदा तू मागितलंच नव्हतंस, बेटा," आपा म्हणाल्या. "आम्ही न मागता दिलं होतं. तेच चुकलं."

"मल्लिनाथरावांचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं."

"वाटू द्या," यशोधरा म्हणाली. "पण हा खेळ झाला, कौशिकराव. हा पुसायचा नाही."

तो गेल्यावर तिने त्याच टेबलावर यंत्र उघडले आणि ती नोंद साठ्यात घातली: कोठार भरण्याआधीचे पहिले युद्ध, त्याचा आरंभ, त्यातला मेलेला माणूस, त्यानंतर बुडालेले सगळे. मुहूर्ताने क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि लवकरच्या युद्धाचा लाभ पुन्हा मोजला. आकडा हलला. दशांशाच्या तिसऱ्या घरात हलला. हजारो निष्कलंक डावांच्या विरुद्ध एक मल्लिनाथ हत्तुरे. गणित तसे बिनचूक होते.

"आणखी लागतील," ती म्हणाली. "पुसलेले सगळे. आठवून आठवून पुन्हा लिहू. कोण आलं होतं, कुणावर चालून गेलं, आपण कसे उठलो. आपा, तुम्ही सांगा. तो बँकेतला एक होता ना? आणि व्यंकटेश, तुमचे ते व्याही—"

व्यंकटेशांनी चष्मा काढला. "व्याही आले होते खरे. पण ते कुणावर चालून गेले होते का? मला तर आठवतं, छान खेळले होते."

"बँकेतला कोण गं?" आपांनी विचारले. त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, ओठ हलवले.

यशोधरा बोटे कळांवर ठेवून वाट बघत होती. सरदेशमुखाचा डाव सोडला तर तिच्याही मनात दुसरा एक डाव उभा राहत नव्हता. काळे पडणारे टेबल तेवढे दिसे, त्याआधीचे काही नाही. तिघेही सभ्य घरांतली माणसे होती. विसरायचे ठरवले ते त्यांनी खरोखर विसरले होते.